एका मुलाशेजारी एक माणूस

आपल्या प्रत्येक वस्तीत असे एक तरी मूल असते. ते तिसरी-चौथीत पोहोचलेले असते. रोज शाळेत जाते, फळ्यावरचे सारे नीटनेटक्या अक्षरात वहीत उतरवून आणते. पण तेच वाचून दाखव म्हटले की मान खाली घालते. मामाबरोबर खाडीवर गेले तर भरती केव्हा लागेल ते बरोबर सांगते. रात्री पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगवून सांगते. पुस्तक समोर आले की मात्र त्याच्या पोटात दुखू लागते. हळूहळू शाळेत, घरात आणि खेळातल्या पोरांतही त्याचे एकच नाव पडते : ढ.

बाराखडीतले ते अक्षर त्या मुलाला धड ओळखता येण्याआधीच आपण ते त्याच्या कपाळावर चिकटवून मोकळे होतो.

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, उरण या पट्ट्यातल्या आपल्या घरांची रीत सर्वांना माहीत आहे. बाप मुंबईला किंवा कंपनीत कंत्राटावर, आई वाडीच्या कामाला, नाहीतर पर्यटकांच्या कॉटेजवर झाडलोट-धुणीभांडी करायला. मुलांचा अभ्यास घ्यायला घरी कोणी नाही. गावची जिल्हा परिषदेची शाळा दोन शिक्षकांची, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता. अशा ठिकाणी जे मूल आपोआप शिकते ते पुढे जाते. ज्याला शेजारी बसून, बोट धरून शिकवावे लागते, ते वर्गात असूनही शाळेबाहेरच राहते. या लेखात आम्हाला त्या मुलाविषयी बोलायचे आहे.

दोन्हीकडून होणारा अन्याय

अशा मुलावर दोन बाजूंनी अन्याय होतो.

पहिला बाहेरून. ‘यांच्या घरात वातावरणच नाही, याला काय येणार?’ हे वाक्य आपल्या समाजाने पिढ्यान्पिढ्या ऐकले आहे. मुलाला वाचता येत नाही याचे कारण शोधायचे सोडून त्याच्या वस्तीलाच कारण ठरवले जाते. मुलाला कमी ऐकू येते का, फळा दिसतो का, अक्षरे एकमेकांत मिसळतात का, हे पाहायचे राहूनच जाते.

दुसरा अन्याय आपण करतो. शाळेतल्या बाईंनी ‘याला एकदा तपासून घ्या’ असे सांगितले की आपण संतापतो. ‘आमच्या पोराला वेडा ठरवता काय?’ म्हणून भांडतो. त्या रागामागे अपमानाचा मोठा इतिहास आहे आणि तो आम्ही नाकारत नाही. पण त्या रागापायी मुलाची तपासणी टळते आणि वर्षे निघून जातात. मुलगी असेल तर आणखी वाईट. ती गप्प बसते, मागच्या बाकावर कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही. शेवटी ‘हिला नाही जमत शाळा’ म्हणून ती धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसते.

चूळपंथकाची गोष्ट

विहारात ज्यांनी अट्ठकथांतल्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना चूळपंथक आठवेल. महापंथक आणि चूळपंथक हे दोघे भाऊ भिक्खू झाले. थोरल्याने धाकट्याला चार ओळींची एक गाथा पाठ करायला दिली. चार महिने गेले तरी ती पाठ होईना. पुढची ओळ घ्यायला जावे तर मागची निसटे. थोरला भाऊ वैतागला, ‘तुझ्याने होणार नाही, घरी जा’ म्हणाला. पहाटे रडत निघालेल्या चूळपंथकाला तथागत दारातच भेटले. त्यांनी त्याच्या हातात एक स्वच्छ पांढरे फडके दिले, पूर्वेकडे तोंड करून बसायला सांगितले आणि ‘रजोहरण’ हा एकच शब्द म्हणत ते फडके हाताने चोळत राहायला सांगितले. चोळता चोळता फडके मळले. हाताखालचा तो मळ पाहून चूळपंथकाला जे उमजले ते गाथेच्या घोकंपट्टीने कधीच उमजले नसते. पुढे तो अर्हत झाला.

या गोष्टीतून शिकवणाऱ्याने घेण्यासारखे खूप आहे. थोरल्या भावाने तीच गाथा त्याच रीतीने चार महिने दिली. तथागतांनी शिष्य बदलला नाही, शिकवण्याची रीत बदलली. एकच शब्द दिला, हाताला काम दिले, डोळ्यांना दिसेल अशी वस्तू दिली आणि घाई केली नाही. एका मुलाशेजारी बसून शिकवणे म्हणजे यापेक्षा वेगळे काही नाही.

आधी कान, डोळे पाहा

पहिलीत सगळीच मुले अक्षरे उलटसुलट काढतात. तेवढ्यावरून घाबरू नये. पण तिसरीत येऊनही अक्षरओळख पक्की होत नसेल, मूल अंदाजाने शब्द ठोकून देत असेल, तोंडी सगळे येते पण लिहिता येत नाही असे असेल, तर कारण शोधले पाहिजे.

सर्वांत आधी डोळे आणि कान. वारंवार कान वाहणाऱ्या मुलाला ‘त’ आणि ‘द’ सारखेच ऐकू येत असतील तर तो लिहील काय? 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरोग्य पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन मुले तपासायची असतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि काय आढळले ते शाळेत जाऊन विचारा.

डोळे-कान ठीक असूनही, हुशारी असूनही वाचन-लेखन किंवा गणितच अडत असेल, तर ती अध्ययन अक्षमता असू शकते. हा मेंदूच्या काम करण्याच्या पद्धतीतला फरक आहे. तो आळस नव्हे, आईच्या हयगयीचे फळ तर मुळीच नव्हे. काही मुलांची अडचण वेगळी असते : कोणाला बौद्धिक अक्षमता असते, कोणाला स्वमग्नता, कोणाचे लक्ष एका जागी टिकत नाही. हा निवाडा तज्ज्ञांनी करायचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी करायचा नाही.

आपल्या लिपीतल्या अडचणी

मराठी आपली असली तरी या मुलांना ती सोपी जात नाही. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष, ब आणि व यांत एका रेघेचा फरक. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, पण उच्चारात ‘क’ आधी येतो. जोडाक्षरात अर्धे अक्षर कुठे गेले ते कळत नाही. त्यात घरची बोली वेगळी. घरी ‘आमी’, ‘नाय’ बोलणारे मूल पुस्तकात ‘आम्ही’, ‘नाही’ पाहते. ते चुकत नाही, त्याला एक जास्तीची पायरी चढावी लागते.

गणितातही तसेच. आपण ‘सदतीस’ म्हणतो, म्हणजे सात आधी बोलतो आणि तीस नंतर. मूल ऐकते तसेच लिहिते : 73. एकोणतीस म्हणताना तर तिसाचे नाव घेऊन तिसाच्या आधीचा आकडा लिहायचा. ही अडचण केवळ आपल्या मुलांची कल्पना नव्हे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांबरोबर ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यानामे आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी तेव्हा मुलांच्या याच अडचणीकडे बोट दाखवले होते. ज्या मुलाला सदतीस जमत नाही त्याला घरी ‘तीस सात’ म्हणू द्यावे. काडेपेटीतल्या काड्यांच्या दहादहाच्या जुड्या बांधाव्यात. तीन जुड्या आणि सात सुट्या काड्या हाताने मांडल्या की 37 आणि 73 यांतला फरक त्याला दिसतो. मग सदतीस हे नाव शिकवायला सोपे जाते.

अर्धा तास कसा बसावे

आता प्रत्यक्ष कामाविषयी. यासाठी पदवी लागत नाही, धीर लागतो.

वेळ आणि जागा ठरवावी. रोज वीस ते तीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी तीन तास कोंडून बसवण्यापेक्षा रोजचा अर्धा तास जास्त उपयोगी पडतो. टीव्ही आणि मोबाईल बंद. मुलासमोर बसू नये, शेजारी बसावे, म्हणजे दोघांना अक्षर एकाच बाजूने दिसते आणि परीक्षेची भीतीही वाटत नाही.

सुरुवात येते त्यापासून करावी. पहिली काही मिनिटे त्याला हमखास वाचता येईल असेच द्यावे. मग नवे फक्त एक : एक अक्षर किंवा एक काना-मात्रा. शेवटी काही मिनिटे तुम्ही त्याला गोष्ट वाचून दाखवा. वाचता येत नाही म्हणून गोष्टीही बंद, असे होऊ नये.

पूर्ण मुळाक्षरे पाठ झाल्यावरच शब्द, हा हट्ट सोडावा. फलटणला डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्थेत वाचन शिकवण्याची जी पद्धत बसवली तिच्यात थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह घेऊन लगेच अर्थाचे शब्द वाचायला लावतात. बर्नसनबाई जन्माने अमेरिकन, पण भारताच्या नागरिक झाल्या आणि फलटणला त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्या संस्थेच्या शाळेला कमला निंबकरांचे नाव आहे. याच कमलाबाईंनी 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे, म्हणजे अपंगांना हाताच्या कामातून पुन्हा उभे करण्याचे शिक्षण सुरू केले. ही रीत घरी करून पाहा. क, म, ल, न ही चार अक्षरे आणि एक काना एवढेच घ्या. कान, नाक, मान, काम, लाल, मका, काका, मामा, कमान इतके शब्द तयार होतात. पहिल्या पंधरवड्यात मुलाने ‘मामाला काम’ असे स्वतः वाचले की त्याच्या चेहऱ्याकडे पाहा. वाचन म्हणजे घोकणे नसून काहीतरी समजणे आहे, हे त्याला तिथे कळते.

अक्षर बोटाने गिरवू द्यावे. ताटात रेती पसरा, किनारा जवळ असेल तर ओल्या वाळूत मोठे अक्षर काढू द्या. काढताना त्याचा आवाजही मोठ्याने म्हणायचा. डोळा, कान आणि हात एकदम कामाला लागले की अक्षर जास्त टिकते.

मुलाच्या बोलण्याचे पुस्तक करावे. ‘आज काय केलंस?’ विचारा. तो म्हणेल, ‘बाबानं बोंबील आणले.’ ते त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच्याकडून वाचून घ्या. वाक्य त्याचे असल्याने ते वाचायची त्याला ओढ असते. बोली सुधारायला जाऊ नका, पुस्तकी भाषा मागाहून येते.

प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजावे. आपल्याला शांतता सोसत नाही म्हणून आपण उत्तर सांगून टाकतो आणि मूल आपल्या तोंडाकडे पाहायला शिकते. अडलेच तर पहिला आवाज सांगा, पूर्ण शब्द सांगू नका. चुकले म्हणून शंभर वेळा लिहायला लावू नका. चुकीचेच शंभर वेळा पक्के होते. मारणे तर नाहीच. शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, ती घरीही पाळावी. कौतुक करताना नुसते ‘शाब्बास’ न म्हणता ‘आज भ आणि म तू स्वतः ओळखलेस’ असे नेमके म्हणावे.

एक वही ठेवावी. तारीख, काय घेतले, काय आले, कुठे अडले. रोज दोन ओळी पुरेत. पुढे शिक्षकांशी बोलताना, तपासणीला जाताना ही वही फार उपयोगी पडते.

आणि एक पथ्य. मदत करणाऱ्याने मुलाचे काम स्वतः करू नये. गृहपाठ लिहून दिला तर वही भरते, मूल रिकामेच राहते. जे त्याला जमू लागेल तिथून आपला हात काढून घ्यावा. शाळेत वेगळे शिकवताना त्याला खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून उठवू नये, कारण बहुधा तिथेच तो इतरांच्या बरोबरीचा असतो. वर्गात त्याची जागा मित्रांमध्येच असावी.

कोण बसणार?

‘आम्हीच शिकलो नाही, आम्ही काय शिकवणार?’ असे अनेक माता म्हणतात. वाचता न येणारी आईसुद्धा शेजारी बसू शकते. मुलाला ओळीखाली बोट ठेवून वाचायला सांगावे, वाचले ते काय होते ते विचारावे, काड्या मोजून घ्याव्यात. आजीने गोष्ट सांगावी आणि उद्या त्याच्याकडून ऐकावी.

अक्षरे शिकवण्यासाठी वस्तीतली बारावीची किंवा कॉलेजची मुलगी, एखादा तरुण पुढे आला पाहिजे. एका तरुणाने एकच मूल घ्यावे. विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी अर्धा तास एवढेच मागणे आहे. आपली गाव मंडळे आणि मुंबई मंडळे 14 एप्रिलला गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतात, वह्या वाटतात. ते चांगलेच आहे. पण तिसरीत वाचता न येणाऱ्या मुलाची नोंद मंडळाच्या वहीत कुठेच नसते. पाच-सात वर्षांनी तो दहावीच्या आधीच शाळा सोडतो आणि सत्काराच्या यादीत त्याचे नाव येण्याचा प्रश्नच उरत नाही. मंडळांनी दर जूनमध्ये अशा मुलांची यादी करावी आणि प्रत्येकाशेजारी एक नाव लिहावे.

कायदा काय देतो?

घरच्या प्रयत्नांनी शाळेची जबाबदारी संपत नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. 1995 च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. महाराष्ट्रात 1990 च्या दशकात अशा मुलांना दहावीला सवलती मिळू लागल्या, पण तपासणी मुंबईतल्या शीवसारख्या मोठ्या रुग्णालयांत. खेड्यातल्या आईपर्यंत ती पोहोचणार कशी? 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 21 प्रकार आले आणि अध्ययन अक्षमता त्यात आहे. अशा मुलांना लवकरात लवकर ओळखून योग्य रीतीने शिकवावे, असे त्याचे कलम 16 सांगते. 28 ऑक्टोबर 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दर 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण घालून दिले.

तेव्हा काय करावे? मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे तज्ज्ञ असतात. त्यांनी मुलाला पाहावे असे अर्जात मागावे. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर भरतात आणि जिल्ह्याचे सामान्य रुग्णालय अलिबागला आहे. अध्ययन अक्षमतेची तपासणी एका खेपेत होत नाही. त्यात डोळे, कान, बुद्धिमापन आणि वाचन-लेखनाची चाचणी असते. चाचणी मुलाला समजणाऱ्या भाषेत व्हावी, हा आग्रह धरावा. श्रीवर्धनहून अलिबाग गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणून एकट्या आईने जाऊ नये. मंडळातल्या एकाने कागदपत्रे आणि ती वही घेऊन बरोबर जावे.

आपल्याच जिल्ह्यात महाडच्या चवदार तळ्याचे पाणी सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने 1924 सालीच केला होता. तळे मात्र खुले झाले नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांबरोबर लोक चालत तळ्यावर गेले तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. कलम 24 आणि कलम 16 आज कागदावर आहेत. मुलाचा हात धरून शाळेच्या दारात जाणारे कोणी नसेल तर ते कागदावरच राहतील.

किती अपेक्षा धरावी?

अर्धा तास बसल्याने अक्षमता नाहीशी होते, असे आम्ही सांगणार नाही. काही मुले आयुष्यभर हळूच वाचतील. त्यांना जादा वेळ, लेखनिक अशा सवलती घेऊन पुढे शिकता येते. सवलत ही भीक नव्हे, चष्मा लावणे जशी भीक नव्हे. काही मुलांच्या बाबतीत ध्येयच वेगळे असेल : स्वतःचे नाव लिहिणे, एस. टी.ची पाटी ओळखणे, वीस रुपयांतून किती परत यायला हवेत ते कळणे, कोणी त्रास दिला तर मोठ्या आवाजात सांगणे. तेही शिक्षणच आहे आणि त्यासाठीही शेजारी कोणीतरी बसावेच लागते.

प्रमाणपत्र येईपर्यंत थांबू नका. शेजारी बसायला प्रमाणपत्र लागत नाही. या आठवड्यात आपल्या वस्तीतल्या त्या मुलाचे खरे नाव घेऊन त्याला हाक मारा, एक वही घ्या, क, म, ल, न ही चार अक्षरे आणि काना एवढे घेऊन बसा आणि वहीत पहिली तारीख घाला.